ताणाच्या दिवसांत मधुमेहाचे पथ्य कसे सांभाळावे

मधुमेहाचे निदान झाल्यावर आहार, चालणे आणि गोळ्या यांची घडी बहुतेक जण नेटाने बसवतात. ती विस्कटते ती घरात आजारपण आल्यावर, मार्चअखेरीस कचेरीत उशिरापर्यंत थांबावे लागल्यावर किंवा कुणाशी बिनसून मन खट्टू झाल्यावर. अशा वेळी साखर दोन बाजूंनी वाढते. कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनालिन ही ताणाची संप्रेरके यकृतातील साखर रक्तात सोडायला लावतात आणि इन्शुलिनचा परिणाम कमी करतात. शिवाय झोप अपुरी झाली की भूक वाढते, गोड-तळलेले खावेसे वाटते आणि चालायला जाण्याची उमेद उरत नाही. म्हणूनच साखरेचा आकडा पाहताक्षणी 'तुम्ही पथ्यच पाळत नाही' असे घरच्यांनी म्हणणे अन्यायाचे आहे, आणि त्याने ताणात भरच पडते.

सुरुवात वहीपासून करावी. ग्लुकोमीटरवर दिसलेल्या आकड्याशेजारी झोप, मनःस्थिती आणि खाणे यांचीही एका ओळीत नोंद ठेवावी. उदाहरणार्थ, 'उपाशीपोटी १५८, झोप पाच तास, काल साहेबांशी वाद, रात्री अकराला फरसाण'. दोन-तीन आठवड्यांत आपली नेमकी गोची कुठे होते ते दिसू लागते. कुणाचे दुपारचे जेवण चुकते, कुणी संध्याकाळी दमून आल्यावर चहाबरोबर खारीचा पुडा संपवतो, तर कुणी गोळ्याच विसरतो; उपायही त्या त्या ठिकाणी करायचा असतो.

यानंतर मन शांत असताना वाईट दिवसासाठीचा किमान नेम ठरवून ठेवावा. एरवी पाऊण तास चालणाऱ्याने त्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात चालावे. जेवणानंतरची साखर आवरायला तेवढ्याचाही उपयोग होतो. उत्साह येण्याची वाट पाहू नये, कारण खचलेल्या मनाला उभारी बहुधा हालचाल सुरू झाल्यावर येते. नेम ठरवताना वेळ आणि जागा जोडून घ्यावी: 'घरी येऊन भूक लागली, तर आधी ओट्यावरच्या डब्यातले मूठभर फुटाणे आणि ताक घेईन.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अशा 'असे झाले तर असे करीन' स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला असून, ते नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पाळले जातात असे त्यांना आढळले. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर आणि फुटाण्यांचा हाताशी, एवढा बदलही दमलेल्या माणसाला पुरेसा ठरतो.

एक धोका मात्र नीट समजून घ्यायला हवा. ताणाच्या भरात जेवण राहते, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेतलेले असते, आणि साखर एकदम खाली येते. हात थरथरणे, घाम, धडधड ही तिची लक्षणे घबराटीसारखीच असल्याने 'टेन्शन आले आहे' म्हणून ती अंगावर काढली जातात. अशा वेळी ताबडतोब साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास, किंवा तपासण्याची सोय नसल्यास, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर जेवावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. विसरलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या कधीही घेऊ नयेत.

नेम एखादा दिवस मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण मधला एखादा खाडा झाल्याने फारसे बिघडले नाही.

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर पुढच्या तपासणीपर्यंत न थांबता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि ती वही दाखवावी. मधुमेहींमध्ये नैराश्य अधिक आढळते आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही, विनाशुल्क आणि चोवीस तास बोलता येते.