‘लवकर’ या शब्दाने माझी तोंडी परीक्षा बुडवली

द्रव्यगुणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या विषयाच्या, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, ‘‘व्यवायी म्हणजे?’’ मी फाडकन म्हटलं, ‘‘लवकर काम करणारं द्रव्य.’’ ‘‘बरं, मग आशुकारी?’’ झालं! ‘लवकर’ तर मी आधीच खर्च करून बसले होते.

बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षात बहुतेकांची हीच गल्लत होते. व्यवायीबद्दलची शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराची ओळ नुसती घोकू नका, ‘पूर्वं’ आणि ‘ततः’वर बोट ठेवा: ‘पूर्वं व्याप्याखिलं कायं ततः पाकं च गच्छति’. म्हणजे आधी सगळं अंग व्यापायचं, पचायचं मागाहून. उदाहरणं भांग आणि अफू. वेगापेक्षा इथे क्रम महत्त्वाचा. आमच्या लोकलच्या भाषेत, आधी गाडीत चढा, तिकिटाचं नंतर बघू.

वेग हा आशुकारीचा प्रांत. सुश्रुत या प्राचीन आचार्याची उपमा आहे पाण्यावरच्या तेलाची. परीक्षेहून आल्यावर मी हॉस्टेलवर स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि काडीने तिळाच्या तेलाचा थेंब सोडला. मिसळला नाही, पण बघता बघता पसरला. तो अर्थ परत विसरले नाही. तिसरा गुण सूक्ष्म, म्हणजे बारीक स्रोतसांत (शरीरातल्या वाहिन्यांत) शिरणारं. ते एका वाक्यात आटपतं.

चौथा गुण विकाशी, तो मला कळला दादरला, पानाच्या गादीवर. कधी सुपारी न खाणाऱ्या मैत्रिणीने जेवणानंतर हौसेने पान खाल्लं. दोन मिनिटांत कपाळावर घाम, कान गरम, छातीत कोंडल्यासारखं. ‘‘अगं, हातपायच गळाले माझे,’’ म्हणत ती शेजारच्या पायरीवर टेकली. पानवाला म्हणाला, ‘‘सुपारी लागली ताईंना,’’ आणि पाणी पुढे केलं. शार्ङ्गधराने विकाशीला उदाहरण दिलंय ते हेच, क्रमुक म्हणजे सुपारी! सांध्यांचे बंध सैल करणारं, धातूंपासून (रस, रक्त, मांस वगैरे) ओज, म्हणजे शरीराचं बळ, सुटं करणारं. दुसरं उदाहरण कोद्रव, म्हणजे आपला हरीक. हरकाने चढणारी गुंगी आजचे अभ्यासक दाण्यावरच्या बुरशीच्या विषाला जोडतात. मग विकाशी कोण, दाणा की बुरशी? वर्गात विचारून बघा, तास रंगतो.

पाठांतराची एक युक्ती देते. चरक या आचार्याने विषाचे दहा गुण सांगितलेत: लघु, रूक्ष, आशु, विशद, व्यवायी, तीक्ष्ण, विकाशी, सूक्ष्म, उष्ण आणि अनिर्देश्यरस (नेमकी चव सांगता न येणारं). शेवटचा काढून अम्ल (आंबट) घाला, मद्याचे दहा गुण तयार. ओजाचे दहा गुण (गुरु, शीत, मृदु वगैरे) याच्या उलट बाजूचे, म्हणून तर विष आणि मद्य दोन्ही ओजावर घाला घालतात. पण नुसतं व्यवायी दिसलं की विष समजू नका. वाग्भट या आचार्याने तेलालाही व्यवायी म्हटलंय, आणि तिळाच्या तेलाने कुणाला झिंग आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

काळबादेवीकडे गेलात तर औषधांच्या दुकानात त्रिभुवनकीर्ती या आयुर्वेदिक औषधाची बाटली मागून घ्या आणि मागचं लेबल वाचा. त्यात शुद्ध (शोधन केलेला) वत्सनाभ, म्हणजे बचनाग हा विषारी कंद, असतो. वत्सनाभ, भांग, अफू ही तिन्ही 1945 च्या औषध नियमांतल्या ‘ई-1’ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना लेबलवर छापावी लागते. अक्षरं इतकी बारीक असतात की मला चष्मा पुसावा लागला.