परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताच्या बास्केटबॉल संघातून खेळायचे असेल तर

मी माटुंग्यात शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. गेल्या काही वर्षांत न्यू जर्सी किंवा टोरंटोहून कायमची परतलेली दादर-पार्ल्याकडची मराठी कुटुंबे कोर्टवर वरचेवर दिसू लागली आहेत. त्यांची मुले उंचीने आणि मूलभूत तंत्राने इथल्या मुलांपेक्षा थोडी पुढे असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच आईवडिलांचा प्रश्न येतो : आमच्या मुलाकडे अमेरिकी पासपोर्ट आहे, पण ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्डही आहे, म्हणजे तो पुढे भारताकडून खेळू शकेल ना? या प्रश्नाचे उत्तर आज ‘नाही’ असे आहे. मात्र वेळेत हालचाल केली तर ते बदलू शकते, आणि ती कशी करावी हे नीट माहीत नसल्यामुळे संधी हुकलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम ओसीआय कार्डाविषयीचा गैरसमज दूर करावा. त्याच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. आपले संविधान दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, आणि राष्ट्रीय संघात केवळ भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाच स्थान मिळेल असे धोरण केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००८ मध्ये जाहीर केले. फुटबॉलमध्ये इझुमी अराता याने २०१२ मध्ये जपानचे नागरिकत्व सोडले, तेव्हाच २०१३ मध्ये त्याला भारताची जर्सी घालता आली. त्या वेळी तो पुणे एफसीकडून खेळत होता आणि त्याआधी मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडूनही खेळला होता. त्याचे वडील भारतीय वंशाचे होते, तरीही कायद्याने त्याला सवलत दिली नाही.

बास्केटबॉलमध्ये या अटीवर आणखी एक अट आहे आणि खरी मेख तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या नियमानुसार, ज्या खेळाडूने एखाद्या देशाचे नागरिकत्व वयाची १६ वर्षे पूर्ण झाल्यानंतर मिळवले आहे, असा एकच खेळाडू त्या देशाच्या संघात असू शकतो. नागरिकत्व कोणत्या मार्गाने मिळाले, रक्ताचे नाते आहे की नाही, हे येथे पाहिले जात नाही. जन्मापासून हक्क होता पण तो सोळा वर्षांनंतर बजावला, तरीही खेळाडू त्याच एका जागेत मोजला जातो. जॉर्डन क्लार्कसन आईकडून फिलिपिनो वंशाचा आहे, तरीही २०२३ च्या विश्वचषकात त्याने फिलिपिन्सची ती एकमेव जागा घेतली, आणि जस्टिन ब्राऊनली, ज्याला तिथल्या संसदेने त्याच वर्षी खास कायदा करून नागरिकत्व दिले होते, त्याला त्या स्पर्धेत स्थान मिळू शकले नाही. स्पेनकडे सर्ज इबाका आणि निकोला मिरोटिच हे दोघेही होते, पण दोघांना एकाच स्पर्धेत खेळवता येत नसे : २०१४ च्या विश्वचषकात इबाका खेळला, तर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये मिरोटिच.

ज्या देशांना सरकारी हुकमाने किंवा संसदेच्या कायद्याने काही महिन्यांत नागरिकत्व देता येते, ते या एका जागेचा पुरेपूर उपयोग करतात. अँथनी रँडॉल्फला घेऊन स्लोव्हेनियाने २०१७ चा युरोबास्केट, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद, जिंकला आणि लोरेंझो ब्राऊनला घेऊन स्पेनने २०२२ चा. आपल्या नागरिकत्व कायद्यात परक्या व्यक्तीला सामान्यतः अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे भारतात राहावे लागते. विज्ञान, कला, साहित्य यांतील विशेष सेवेसाठी कलम ६ मध्ये सूट आहे, पण त्या यादीत खेळाचे नाव नाही. म्हणून भारतापुढे व्यवहार्य मार्ग उरतो तो परदेशात जन्मलेल्या आपल्याच मुलांचा. सिम भुल्लर एप्रिल २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला, पण तो टोरंटोचा होता आणि राष्ट्रीय जर्सी त्याने कॅनडाची घातली. त्याचा मला आजही विषाद वाटतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. एका कागदावर मुलाची जन्मतारीख आणि सोळावा वाढदिवस लिहावा आणि त्या दिवसापासून मागे मोजत यावे. मूल जन्मले तेव्हा आईवडिलांपैकी कोणी भारतीय नागरिक होते का, आणि वर्षभरात वकिलातीत जन्माची नोंद झाली होती का, हे पाहावे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ नुसार अशी नोंद करताना मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांना लिहून द्यावे लागते. त्यामुळे जन्मल्याबरोबर अमेरिकी पासपोर्ट काढलेल्या बहुतेक मुलांना हा मार्ग बंद असतो. त्यांच्यासाठी कलम ५ आहे. त्यातील तरतुदीनुसार भारतीय नागरिकांच्या अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलांची नागरिक म्हणून नोंदणी होऊ शकते. दोन्ही पालकांनी भारतीय पासपोर्ट टिकवला असेल तर हा मार्ग सर्वांत सरळ आहे. पालक स्वतःच परदेशी नागरिक झाले असतील, तर आधी त्यांचा प्रश्न सुटायला हवा.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि कागदपत्रे जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी लागतात. दादर-माटुंग्याच्या रहिवाशांसाठी ते फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे, आणि पार्ले, बोरिवली किंवा मुलुंडच्या रहिवाशांसाठी वांद्रे पूर्वेला. पोलीस चौकशी, मंत्रालयाच्या शंका आणि परदेशी नागरिकत्व सोडण्याचे कागद यांत बराच काळ जातो. मुलगा साडेपंधरा वर्षांचा झाल्यावर धावपळ सुरू केली तर वाढदिवस बहुधा हातचा जातो. तेरावे वर्ष लागताच नागरिकत्व कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाला भेटावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगतो. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व सोडणे हा मोठा निर्णय आहे आणि तो सहसा परत फिरवता येत नाही. मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा विचार करून आणि मुख्य म्हणजे त्याला विचारूनच तो घ्यावा. केवळ प्रशिक्षक म्हणतात म्हणून घेऊ नये, आणि तो प्रशिक्षक मी असलो तरी नको.

सोळावे वर्ष उलटून गेले असेल तर दार पूर्ण बंद होत नाही, पण अरुंद होते. ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षे झालेली आणि अर्जापूर्वी वर्षभर भारतात राहिलेली सज्ञान व्यक्ती कलम ५ खालीच नोंदणीसाठी अर्ज करू शकते. असा खेळाडू भारतीय नागरिक होईल, क्रीडा मंत्रालयाची अटही पूर्ण करेल, पण फिबाच्या दृष्टीने तो त्या एका जागेचा उमेदवार असेल. नागरिकत्व नेमके कोणत्या वयात मिळाले याविषयी शंका असेल, तर फिबाचे महासचिव खेळाडू त्या देशात किती वर्षे राहिला, तिथल्या स्थानिक स्पर्धांत किती हंगाम खेळला, अशा गोष्टी पाहून निर्णय देतात. म्हणून शाळेचे दाखले आणि जिल्हा, राज्य, क्लब स्पर्धांची प्रमाणपत्रे वर्षवार लावून ठेवावीत. मुंबईत दरवर्षी इतके सामने होतात की हा पुरावा गोळा करणे अवघड नाही. तो जपून ठेवण्याची सवय मात्र फार कमी घरांत आढळते.

सतरावा वाढदिवसही ध्यानात ठेवावा. त्यानंतर फिबाच्या अधिकृत स्पर्धेत ज्या देशाकडून खेळाडू उतरला, तो देश त्याने निवडला असे मानले जाते, आणि मग बदलासाठी फिबाची खास परवानगी लागते. हकीम ओलाजुवान याने तरुणपणी नायजेरियाच्या कनिष्ठ संघातून खेळून पुढे १९९६ मध्ये अमेरिकेसाठी ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, पण त्यासाठी अशी परवानगी घ्यावी लागली होती. सुट्टीत परदेशी गेलेल्या मुलाला तिथल्या युवा संघाचे बोलावणे आले, तर आधी त्याचे वय आणि स्पर्धेचा दर्जा तपासावा.

आशियाई खेळांचे नियम वेगळे असतात, हेही विसरू नये. फिलिपिन्सचे नागरिकत्व मिळालेला अमेरिकी खेळाडू अँड्रे ब्लॅच २०१४ च्या विश्वचषकात त्या देशाकडून खेळला, पण त्याच वर्षीच्या आशियाई खेळांत तीन वर्षांच्या वास्तव्याच्या अटीमुळे त्याला उतरता आले नाही.

नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले की लगेच भारतीय पासपोर्ट काढावा. प्रमाणपत्र, पासपोर्ट, जन्मदाखला आणि परदेशी नागरिकत्व सोडल्याचा कागद यांच्या साक्षांकित प्रती राज्य संघटनेमार्फत भारतीय बास्केटबॉल महासंघाकडे पोहोचवून त्याची पोच घ्यावी. पुढे पासपोर्टचे नूतनीकरण झाले तरी पहिला पासपोर्ट टाकून देऊ नये. कित्येक वर्षांनी एखाद्या स्पर्धेआधी कोणी शंका घेतली, तर सोळाव्या वाढदिवसाआधीची तारीख दाखवणारे कागद घरातच असायला हवेत.