मागचे ब्रेक पॅड लवकर संपतायत? बिल भरायच्या आधी एवढं बघा

आमच्या एसयूव्हीचे मागचे पॅड २८,००० किमीला संपले, पुढचे मात्र अजून अर्धे शिल्लक. सर्व्हिसवाला म्हणाला पॅड आणि डिस्क (पॅड जिच्यावर दाबले जातात ती चाकामागची चकती) दोन्ही नवीन टाकू, घाटात चालवता ना तुम्ही. आता घाटात चालवतो हे खरंय, पुणे-चिपळूण कुंभार्ली उतरून महिन्यातून एकदा होतंच, पण घाट उतरताना जास्त भार पुढच्या ब्रेकवर येतो, मग मागचे आधी कसे गेले? म्हटलं आधी कारण शोधू, मग पैसे देऊ. (मागे ड्रम असलेल्यांचं लायनरचं प्रकरण वेगळं, हे डिस्कवाल्यांसाठी.)

सुरुवात फुकटातल्या टेस्टने करा. दहा-पंधरा किमी शक्यतो कमी ब्रेक मारत चालवा, थांबा आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका, भाजेल. एक चाक तापलंय आणि दुसरं नाही म्हणजे त्या बाजूचा ब्रेक सुटतच नाहीये.

मग सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावा (वीट नको, फुटते), फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, नट आधी थोडे ढिले करा आणि एकच चाक उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करायचं नाही, खाली स्टँड पाहिजेच. चाक हाताने फिरवा, हलका घासल्याचा आवाज चालतो, पण जोर लावावा लागला तर कुठेतरी जाम आहे.

चाक काढलं की खरी मजा. पॅड दोन असतात, आतला आणि बाहेरचा, आणि ते कसे झिजलेत त्यावरून दुखणं कळतं. माझ्या डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम २ मिमी आणि बाहेरचा ७! असा फरक दिसला की पहिला संशय स्लाइड पिनवर, कारण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) त्या पिनांवर सरकतो, पिन अडकली की आतलाच पॅड घासत बसतो. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीला लटकवू नका), पिन ओढली तर येईना, पिळून पिळून बाहेर काढली तर तिच्यावर तपकिरी चिखलासारखा थर, रबरी बूट एका बाजूने फाटलेला. ओळखीचे मेकॅनिक काका बघून म्हणाले, "ही दोन पावसाळे पिऊन बसलीय." साफ करून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं ग्रीस अजिबात नाही, त्याने रबर फुगतं आणि पुन्हा तेच. पॅड ज्या खाचेत बसतो तिथला गंजही वायर ब्रशने काढा, धूळ मात्र फुंकून उडवू नका.

पिन मोकळ्या असतील तर हँडब्रेककडे वळा. कॅलिपरवरची केबलची लिव्हर हँडब्रेक सोडल्यावर पूर्ण मागे जाते का बघा. बऱ्याचदा कुणीतरी "हँडब्रेक टाइट करून दिला" म्हणून केबल इतकी ताणलेली असते की पॅड कायम डिस्कला टेकलेला. पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवणार असाल तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक नको, गंजून पॅड डिस्कला चिकटतात.

आणि दोन्ही बाजूंचे चारही पॅड सारखेच झिजले असतील तर? मग कदाचित बिघाड नाहीच. नव्या गाड्यांत हलक्या ब्रेकला ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) मागच्या चाकांनाही बरंच काम देतं, ईएससी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलही (पुढच्या गाडीप्रमाणे वेग सांभाळणारा) ब्रेक वापरतात, शिवाय मागचे पॅड अनेकदा मुळातच पातळ असतात. ३ मिमी राहिले की बदला, पण दोन्ही चाकांचे एकदम.

बदलताना पिस्टनचं सांभाळा, म्हणजे कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या, नवे जाड पॅड बसायला तो आत न्यावा लागतो. केबलवाल्या हँडब्रेकचा पिस्टन बहुतेक ठिकाणी फिरवत आत न्यावा लागतो, सी-क्लॅम्पने दाबला तर आतली यंत्रणा जाते. बटणवाला हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (हँडब्रेकची मोटर मागे घेणारी सेटिंग) लावा, तो जमत नसेल तर सरळ गॅरेजला द्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजूनच डिस्कचा निर्णय घ्या, माझी डिस्क आरामात वर होती, म्हणजे तो खर्च वाचला.

सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही. नंतर परत तीच पंधरा किमीची फेरी. माझी दोन्ही चाकं आता सारखीच कोमट लागतात.