पडीक अलॉटमेंट अशी लागवडीखाली आणली

इंग्लंडमधल्या अलॉटमेंटचा (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा) पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. पडीक असेल तर सगळा एकदम खणायला जाऊ नका. मी पायवाटेलगतचा पाव भाग आधी घेतला (पाहणीला येणाऱ्यांची नजर तिथेच जाते) आणि बाकीचा काळ्या जाड ताडपत्रीखाली झाकला. कडा विटांनी दाबायच्या, नाहीतर वारा लागला की गेली शेजाऱ्याच्या वाफ्यात.

खरा वैरी बाइंडवीड, झाडांना गुंडाळत चढणारं वेलीसारखं तण. त्याच्या पांढऱ्या, ठिसूळ मुळाचा पेराएवढा तुकडा राहिला तरी फुटतो. म्हणून रोटाव्हेटर अजिबात नको, एका वेलाचे पन्नास होतात. फोर्कने (खणायच्या काट्याने) माती सैल करून मुळं हाताने ओढायची, झाकणाच्या बादलीत पाण्यात महिनाभर कुजवायची, मगच कंपोस्टमध्ये. वास भयंकर येतो. काउच ग्रास हरळीच्याच जातकुळीचं, पण बहुतेक वरच्या वीतभर मातीत पसरतं, त्यामानाने सोपं.

पुढच्या तुकड्यावर खणण्याऐवजी टेप काढलेला पुठ्ठा, कडा वीतभर एकमेकांवर चढवून, चिंब भिजवून, वर 10-15 सेंमी कंपोस्ट. पुठ्ठ्याला भोक पाडून लाल भोपळा लावला. गाजर-मुळा तिथे पहिल्या वर्षी नको, पुठ्ठ्याला अडून वाकडे होतात. मेथी खणलेल्या पट्ट्यात, मे महिन्यात, माती उबदार झाल्यावर.