डीव्हीडी बर्न करण्याआधी

टर्मिनलमध्ये कमांड देऊन व्हिडिओ डीव्हीडी बनवायची, तर ते उघडण्याआधी डिस्क पाल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती), हे ठरवा. पाल म्हणजे 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम, एनटीएससी म्हणजे 720 बाय 480 आणि 29.97. चित्रीकरण 25 फ्रेमचं असेल तर पालच धरा. उगाच फ्रेमरेट बदलला की कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. पाल की एनटीएससी हे सांगणारं व्हिडिओ फॉरमॅटचं व्हेरिएबलही टर्मिनल उघडल्यावर लगेच एक्सपोर्ट करून ठेवा, नाहीतर डीव्हीडीची रचना बांधणारा डीव्हीडीऑथर ऐन शेवटी अडून बसतो.

मग बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा याचा हिशोब, खरी मेख इथेच आहे. डिस्कवरचे 4.7 जीबी हजाराच्या पटीतले. 1024 च्या हिशोबाने तीच जागा जेमतेम 4.38 भरते. दोन तासांच्या, म्हणजे 7,200 सेकंदांच्या व्हिडिओला सेकंदाला साधारण 5,200 किलोबिट वाट्याला येतात. आवाजाचे 448 वजा करा, थोडी जागा राखून ठेवा आणि चित्राला 4,500 द्या. व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगला टार्गेट म्हणून पाल-डीव्हीडी सांगितलं की चित्राला एमपेग-2, आवाजाला एसी-3 आणि 48 किलोहर्ट्झ हे सगळं तो लावतो, पण चित्राचा बिटरेट 6,000 धरतो. दोन तासांचा व्हिडिओ मग डिस्कवर मावत नाही आणि हे कळतं रात्रभर एन्कोडिंग झाल्यावर.

हार्डडिस्कवर 15 जीबी तरी मोकळे हवेत: एमपेग फाइल, व्हीओबींचं (डीव्हीडीवरच्या व्हिडिओ फाइलींचं) फोल्डर आणि आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल), सगळे जवळपास डिस्कएवढेच. आधीच्या प्रयत्नाचं फोल्डर उडवून टाका. डीव्हीडीऑथर त्यातच नवं टायटल जोडत जातो. त्याला शेवटी कॅपिटल टीचा पर्याय (-T) देऊन पुन्हा चालवायचं असतं. ते राहिलं तर डिस्कवर काय कुठे आहे हे प्लेअरला सांगणारी मुख्य आयएफओ फाइलच बनत नाही.

आयएसओ बनवणाऱ्या जेनआयसोइमेजला डीव्हीडी-व्हिडिओचा पर्याय द्या. तयार झालेला आयएसओ व्हीएलसीमध्ये चालवा, चॅप्टर उड्या मारत बघा, शेवटची पाच मिनिटं तर नक्कीच. आवाज मागेपुढे होत असेल तर तो तिथेच सापडतो.

डिस्क घातल्यावर डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो या कमांडने ती कोरी असल्याची खात्री करा. डिस्क बर्न करणाऱ्या ग्रोआयसोएफएसला डीव्हीडी-कॉम्पॅटचा पर्याय लावा, म्हणजे डिस्क बंद होते (पुढे काही जोडता येत नाही) आणि जुने प्लेअर कुरकुर कमी करतात. वेग मी मुद्दाम 4 वर ठेवतो. बर्न झाल्यावर ट्रे एकदा उघडून बंद करा आणि दोन फाइली ताडणाऱ्या सीएमपी कमांडने आयएसओच्या लांबीइतके बाइट डिस्कशी ताडून बघा. तोवर आयएसओ डिलीट करू नका.