चुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण एकाच काट्यावर कसे दाखवावे

पृथ्वी हा मोठा चुंबक असल्यामुळेच ती वस्तू ओढून घेते, असे उत्तर आमच्या बेळगाव-खानापूर भागातील मराठी माध्यमाच्या वर्गांत आजही ऐकू येते. गुरुत्वाकर्षण वस्तुमानामुळे असते आणि पृथ्वीचे चुंबकत्व तिच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून निर्माण होते, हे फळ्यावर लिहून भागत नाही. त्यासाठी प्रयोगच करून दाखवावा.

फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडून दोन फूट लांबीची, आतून सुमारे १४ मिमी व्यासाची सरळ तांब्याची नळी घ्यावी. १२ मिमी व्यासाचे दोन-तीन निओडिमियम चुंबक एकावर एक चिकटवून त्यांची जाडसर कांडी करावी आणि तेवढाच, पण चुंबकत्व नसलेला लोखंडी तुकडा जवळ ठेवावा. नळीच्या वरच्या टोकाला समोरासमोर भोके पाडून ती वीतभर दोऱ्याने शाळेतील ताणकाट्याला उभी टांगावी. दोरा आखूड ठेवू नये, नाहीतर चुंबक काट्यातील पोलादी स्प्रिंगकडे ओढला जातो. खाली चिंध्यांची जाड घडी हवीच, कारण हे चुंबक आपटले की फुटतात.

नळी स्थिर झाल्यावर काट्यावरचा आकडा लिहून घ्यावा आणि आधी लोखंडी तुकडा भिंतीला न लावता सोडावा. तो सुमारे ०.३५ सेकंदात खाली येतो व काटा जागचा हलत नाही. मग चुंबक सोडावा. तांब्याला तो चिकटत नाही, तरीही काही सेकंद सावकाश उतरत राहतो, आणि तेवढा वेळ काटा चुंबकाच्या वजनाइतका अधिक आकडा दाखवतो. या प्रयोगाचे खरे मोल याच क्षणात आहे, म्हणून मुलांना चुंबकाकडे नव्हे, काट्याकडे पाहायला सांगावे.

सरकत्या चुंबकामुळे नळीत विद्युतप्रवाह निर्माण होतात, हे तत्त्व फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. ते प्रवाह आपल्या कारणालाच विरोध करतात, हा नियम लेन्झ यांनी १८३४ मध्ये मांडला. वेग वाढतो तसा विरोधही वाढतो, आणि तो वजनाइतका झाला की वेग स्थिरावतो. त्यानंतर चुंबकाचा सारा भार नळी पेलते. बले दोन वेगळी, पण इथे ती एकमेकांना तोलून धरतात.

वेळ असल्यास दुसऱ्या नळीला संपूर्ण लांबीची उभी चीर पाडून प्रयोग पुन्हा करावा. प्रवाहांची वर्तुळे तुटल्यामुळे चुंबक बराच लवकर खाली येतो.