सर्व्हर मंद वाटतोय? आधी लिंक स्पीड बघा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा खानापूरकडच्या ऑफिसात पावसाळ्यात टॅली सर्व्हरवरून उघडायला वेळ लागू लागला, की आधी विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलवरून जोडणी कोणत्या वेगाने झालीय, ते बघा. स्विच (सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचा असूनही 1000 ऐवजी 100 एमबीपीएस दिसला, तर बहुधा केबलच. गिगाबिटला आठही तारा लागतात. 100 ला 1, 2, 3, 6 या चारच पुरतात. म्हणून ओलीने उरलेल्या चारपैकी एखादी पिन गंजली तरी जोडणी तुटत नाही, नुसती मंदावते, आणि दोष लवकर सापडत नाही. मोठी फाइल कॉपी करा. सेकंदाला 11 एमबीच्या आसपास अडकली, तर जोडणी 100 वरच चाललीय ही खात्रीच. केबलच्या दोन्ही टोकांचे आरजे-45 (प्लॅस्टिकचे प्लग) कापून नवे क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, जोड्यांचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. स्पीड-डुप्लेक्स (वेग आणि एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा जाण्याची सेटिंग) संगणक आणि स्विच दोन्हीकडे 'ऑटो'च ठेवा.